‘जैविक उपचार’ : सांडपाण्यातला आणि औषधातला

प्रश्न : ‘जैविक उपचार’ हा शब्द सांडपाण्याच्या अहवालात येतो आणि संधिवाताच्या औषधांच्या माहितीपत्रकातही येतो. दोन्हीकडे अर्थ एकच आहे का? ‘जैविक उपचारांच्या मर्यादा’ असं वाक्य आलं तर नेमकं काय समजायचं?

उत्तर : अर्थ एक नाही. मर्यादा तर फारच वेगळ्या, आणि त्या वेगळ्या का हे कळलं की शब्दही सुटतो.

सांडपाण्याच्या संदर्भात ‘उपचार’ न म्हणता ‘प्रक्रिया’ म्हणावं. तोच रूढ शब्द आहे. जैविक प्रक्रिया म्हणजे जिवंत सूक्ष्मजीवांकडून करून घेतलेली सफाई. १९१४ मध्ये आर्डर्न आणि लॉकेट या संशोधकांनी मँचेस्टरच्या सांडपाण्यावर केलेल्या प्रयोगांतून सक्रिय गाळाची पद्धत मांडली, ती आजही जगभर वापरात आहे. टाकीत हवा सोडायची, जिवाणू पाण्यातला सेंद्रिय मळ खाऊन वाढतात, त्यांचे पुंजके तळाशी बसतात आणि त्यातला काही गाळ पुन्हा टाकीत फिरवायचा.

काम करणाराच जिवंत असल्यामुळे त्याला जगायला जे लागतं तीच या प्रक्रियेची पहिली मर्यादा. हवा पुरेशी हवी. बीओडीच्या (सेंद्रिय मळ खाताना जिवाणूंना लागणाऱ्या ऑक्सिजनचं माप) १०० भागांमागे साधारण ५ भाग नायट्रोजन आणि १ भाग फॉस्फरस हवा. काही कारखान्यांच्या सांडपाण्यात ही पोषकद्रव्यं नसतातच, वरून घालावी लागतात. अमोनियाचं नायट्रेट करणारे जिवाणू मुळातच सावकाश वाढतात आणि पाणी १० अंश सेल्सिअसच्या खाली गेलं की त्यांचं काम फार मंदावतं. सायनाइडसारख्या विषाचा लोंढा एकदम आला तर ते मरतात, आणि घडी पुन्हा बसायला कित्येक दिवस जातात.

दुसरी मर्यादा जास्त गंभीर आहे, कारण ती डोळ्यांना दिसत नाही. काही गोष्टी जिवाणू खातच नाहीत. शिसं, कॅडमियम ही मूलद्रव्यं आहेत, त्यांचं विघटन कोण करणार? ती गाळाला चिकटतात आणि पाण्याची अडचण गाळाची होते. कार्बामॅझेपीन हे आकडीवरचं औषध बहुतांशी जसंच्या तसं पलीकडे जातं. कधी कधी तर आत आलं त्यापेक्षा बाहेर पडताना जास्त मोजलं जातं, कारण शरीरानं त्याला जोडून दिलेला साखरेचा रेणू जिवाणू तोडतात आणि मूळ औषध मोकळं होतं. पीएफएएस या फ्लोरिनयुक्त कृत्रिम रसायनांच्या गटातल्या काही संयुगांचंही असंच आहे. जिवाणू त्यांना अर्धवट तोडतात, पण कार्बन-फ्लोरिन बंधापाशी थांबतात, आणि उरतं ते पीएफओएससारखं, त्याच गटातलं आणखी चिवट रसायन. स्वित्झर्लंडनं २०१६ पासून निवडक केंद्रांना ओझोन किंवा सक्रिय कार्बनचा जादा टप्पा सक्तीचा केला तो अशा सूक्ष्म प्रदूषकांसाठीच.

म्हणून ‘शुद्धीकरण’ हा शब्द मला जैविक प्रक्रियेसाठी खटकतो. बीओडी उतरला याचा अर्थ जिवाणूंना खाता येण्यासारखं होतं ते त्यांनी खाल्लं, एवढाच. न खाल्लेलं शोधायचं तर शेजारी सीओडीचा (हाच मळ रसायनांनी जाळायला लागणाऱ्या ऑक्सिजनचा) आकडा लागतो. बीओडी भागिले सीओडी हे गुणोत्तर ०.५ च्या आसपास असेल तर जैविक प्रक्रियेला वाव आहे; ०.३ च्या खाली असेल तर एकट्या जिवाणूंवर विसंबू नये.

आता वैद्यक. इथे ‘जैविक’ हे विशेषण औषधाच्या उगमाला लागतं. जिवंत पेशींकडून ते तयार करून घेतलेलं असतं, पण ते स्वतः जिवंत नसतं, फक्त एक भलंमोठं प्रथिन असतं. ॲस्पिरिनचा रेणू १८० डाल्टनचा (डाल्टन हे रेणूच्या वजनाचं एकक), तर संधिवातात देतात त्या इन्फ्लिक्सिमॅबचा सुमारे १,४९,००० डाल्टनचा. हे आकारमान आणि प्रथिनपण हीच त्याची मर्यादा. गोळी करून दिलं तर पचून जातं, पेशीच्या आत शिरत नाही, मेंदूपर्यंत फारच थोडं पोचतं. शिवाय इथे जिवंत बाजू रुग्णाची. त्याचं शरीर औषधाला परकं ठरवून त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करू शकतं, आणि मग आधी लागू पडलेलं औषध निष्प्रभ होतं. १९८६ साली मान्यता मिळालेलं म्युरोमोनॅब हे जैविक औषध उंदराच्या पेशींतलं होतं, त्यात ही अडचण ठळकपणे दिसली. इन्फ्लिक्सिमॅब टीएनएफ या ज्या दाह वाढवणाऱ्या प्रथिनाला अडवतं, तोच टीएनएफ सुप्त क्षयाला दाबून ठेवत असतो. म्हणून ही औषधं सुरू करण्याआधी क्षयाची तपासणी करतात.

तेव्हा इथे ‘जैविक औषधं’ म्हणा, नुसतं ‘जैविक उपचार’ मोघम राहतं.

प्रश्न : मग रोग्याला जिवाणूभक्षक विषाणू देतात, त्याला काय म्हणायचं? आणि ‘जैविक’च्या जागी ‘सेंद्रिय’ चालेल का?

उत्तर : याला फाज-उपचार म्हणतात. त्याला ‘जैविक उपचार’ हा शब्द अगदी शब्दशः लागू पडतो. १९१७ मध्ये सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ फेलिक्स देरेल यांनी ज्यांना जिवाणूभक्षक हे नाव दिलं ते विषाणू रोग्याच्या शरीरात, जिवाणूंच्या आत, स्वतःची संख्या वाढवतात. त्यामुळे मर्यादाही सांडपाण्याच्या टाकीची आठवण करून देणाऱ्या: विशिष्ट जिवाणूच चालतो, तो संपला की विषाणूंची वाढ थांबते, आणि जिवाणू त्यांना दाद न देणारे होऊ शकतात.

‘सेंद्रिय’ मात्र चालणार नाही. रसायनशास्त्रात सेंद्रिय म्हणजे कार्बनी संयुगं, आणि वर सांगितलेलं पीएफओएससुद्धा सेंद्रियच आहे.

जाता जाता ‘जैवविघटनशील’बद्दल. ‘सहज जैवविघटनशील’ हा शेरा ज्या प्रमाणित चाचण्यांवर मिळतो त्या २८ दिवसांच्या असतात. सक्रिय गाळाच्या नेहमीच्या टाकीत पाणी थांबतं काही तासच. भाषांतर करताना मुदत आणि परिस्थिती त्याच वाक्यात लिहा: ‘हवा असताना, २८ दिवसांत, इतके टक्के’.