कॉलेजच्या पोरांना ‘ओपन सोर्स कर’ म्हणून सांगणं बंद करा

डीबगर_पुणेकर
कडू वाटेल पण लिहितोच. प्लेसमेंटचा सीझन जवळ आला की थर्ड इयरच्या पोरांचे मेसेज सुरू होतात, ‘दादा ओपन सोर्समध्ये कॉन्ट्रिब्यूट करायचंय, त्याने गूगलमध्ये लागतं ना?’ (ओपन सोर्स म्हणजे ज्याचा कोड खुला असतो, कुणीही वाचा, वापरा, बदला.) हे त्यांच्या डोक्यात भरवलं कोणी तर कोर्स विकणाऱ्या यूट्यूबवाल्यांनी. आता मला सांगा, ज्या कंपन्यांची किंमत लाखो कोटींत मोजायची त्यांच्यासाठी अकोल्याच्या पोराने रात्री जागून फुकट का राबायचं?

ओपनएसएसएल हे एन्क्रिप्शनचं सॉफ्टवेअर आठवतंय का? निम्म्या इंटरनेटचं कुलूप त्याच्यावर, आणि २०१४ मध्ये त्यातली हार्टब्लीड नावाची मोठी फट बाहेर आली तेव्हा कळलं की प्रोजेक्टला वर्षाकाठी देणग्या मिळत होत्या जेमतेम २,००० डॉलर, पूर्णवेळ काम करणारा माणूस एक. मग डिसेंबर २०२१ ला लॉग४जे, जावा प्रोग्रामच्या नोंदी ठेवणारी लायब्ररी (तयार कोडचा संच), तिच्यातही तसंच भोक. तिथले मेंटेनर, म्हणजे प्रोजेक्ट सांभाळणारे, सगळे आपापल्या नोकऱ्या सांभाळून ते काम करणारे, आणि अख्ख्या जगातल्या बँका नि क्लाउडवाले त्यांच्या डोक्यावर. कहर म्हणजे पुढच्याच महिन्यात फॉर्च्युन ५०० मधल्या एका कंपनीने कर्ल हे डेटा आणण्या-पाठवण्याचं टूल बनवणाऱ्या डॅनियल स्टेनबर्गला मेल टाकला की लॉग४जे बाबत आमच्या प्रश्नांची उत्तरं २४ तासांत द्या. कर्ल सी मध्ये लिहिलेलंय, त्याचा लॉग४जेशी काडीचा संबंध नाही! त्याने सांगितलं, सपोर्ट काँट्रॅक्ट करा, मग देतो उत्तरं. आपल्या पोरांनी कॉन्ट्रिब्यूट करण्याआधी एवढं जरी त्याच्याकडून शिकलं ना तरी खूप झालं.

सेमीकोलन_विसरला
दादा, तुम्ही पुण्यात बसून बोलताय म्हणून सोपं आहे. आमच्याकडे खानदेशातल्या कॉलेजात २०१९ ला, हो २०१९ ला, टर्बो सी++ हे जुनं कोडिंगचं सॉफ्टवेअर होतं. डॉसबॉक्स उघडा, निळी स्क्रीन, व्हॉइड मेन, क्लिअरस्क्रीन, शेवटी गेटच, प्रिंटआउट काढा, जर्नलला चिकटवा, एक्स्टर्नल येऊन सही करणार. बोरलँड कंपनीने ते बाजारात आणलं नव्वदच्या सुरुवातीला आणि सी++ चं पहिलं मानक आलं १९९८ ला, म्हणजे आम्ही जी भाषा शिकत होतो ती मानक यायच्या आधीची. सर म्हणायचे ‘पेपरात हेच येतं’ आणि खरंच तेच यायचं.

अशा पोराने खरा कोड बघायचा कुठे? माझा पहिला पीआर (पुल रिक्वेस्ट, म्हणजे ‘माझा हा बदल तुमच्या कोडमध्ये घ्या’ अशी विनंती) चार-पाच ओळींचा होता, एका लायब्ररीत तारीख वाचण्यातला एक बग, आणि त्याच्यावर ओळींपेक्षा कॉमेंट जास्त आल्या. टेस्ट कुठाय? व्हेरिएबलचं नाव टेम्प का ठेवलंस? कमिट मेसेजमध्ये नुसतं ‘फिक्स्ड बग’ काय लिहितोस, काय बिघडलं होतं आणि हाच उपाय का ते लिही. समोरची बाई परदेशातली, मला ओळखत नाही पाळखत नाही, तरी दोन आठवडे चिकाटीने माझ्याकडून ते करून घेतलं. चार वर्षांत एका मास्तराने माझा कोड असा वाचला नव्हता. आता त्या लायब्ररीतून कोणती कंपनी किती कमावते, मला काय त्याचं, मी शिकलो ना.

बेंचवर_बसलेला
पण गिटहब (हा सगळा कोड जिथे ठेवतात ती साइट) बघतंय कोण राव 😂 मास हायरिंगला ॲप्टिट्यूड, दोन कोडिंगचे प्रश्न, मग एचआर विचारणार रिलोकेशन चालेल का. सर्व्हिस कंपन्यांत फ्रेशरचं पॅकेज गेली दहा-बारा वर्षं साडेतीन लाखाच्या आसपास अडकलंय, तिथे तुमचे गिटहबवर रोजच्या कामाचे दिसणारे हिरवे चौकोन कोणी मोजत नाही. प्रॉडक्टवाल्यांना पाहिजे डीएसए (डेटा स्ट्रक्चर आणि अल्गोरिदम). मग पीआर नक्की कशासाठी?

सेमीकोलन_विसरला
@बेंचवर शिकण्यासाठी!! वर तेच लिहिलंय की.

कर्नल_काकू
डीबगर, तुमचा राग समजतो पण चित्र अर्धंच काढलंत. लिनक्स कर्नल, म्हणजे लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, घ्या. लिनक्स फाउंडेशनच्याच अहवालांत येऊन गेलंय की त्यातलं ८० टक्क्यांहून जास्त काम पगारी लोक करतात, इंटेल, रेड हॅट, गूगल अशा कंपन्यांचे. वेबसाइट बनवायचं रिॲक्ट २०१३ ला फेसबुकने खुलं केलं, सर्व्हरवरची ॲप्स सांभाळणारं कुबरनेटीज २०१४ ला गूगलने, कोड लिहायचं व्हीएस कोड २०१५ ला मायक्रोसॉफ्टने. आम्ही शिकलो तेव्हा लॅमिंग्टन रोडवरून पायरेटेड सीड्या आणायचो, कारण ओरिजिनल कंपायलरची किंमत वडिलांच्या पगाराच्या वर होती. आज पोराकडे एक जुना लॅपटॉप असला की जगातली सगळ्यात भारी हत्यारं एक पैसा न देता त्याच्या हातात असतात, आणि ती बनवायला या कंपन्यांनी करोडो खर्च केलेत. हार्टब्लीड सांगितलंत, त्यानंतर लिनक्स फाउंडेशनने फंड काढला आणि ॲमेझॉन, गूगल, फेसबुक, मायक्रोसॉफ्ट सगळ्यांनी त्यात पैसे घातले ते का नाही सांगितलं?

डीबगर_पुणेकर
काकू, घातले, पण घराला आग लागल्यावर. आणि व्हीएस कोड म्हणाल तर कोड खुला, पण एक्स्टेन्शनच्या मार्केटप्लेसचे नियम वाचा, मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या प्रॉडक्टबाहेर ते वापरायची परवानगीच नाही. अँड्रॉइडचं तेच, बेस खुला, पण गूगलच्या प्ले सर्व्हिसेसचा कोड बंद. दार उघडं ठेवायचं आणि किल्ली खिशात.

आणि कोड लिहून देणारं एआय, कोपायलट, विसरलात. मायक्रोसॉफ्टने २०१८ ला गिटहब साडेसात अब्ज डॉलरला घेतलं, २०२१ ला आपण सगळ्यांनी तिथे टाकलेल्या पब्लिक कोडवर शिकवलेलं कोपायलट आणलं, आणि २०२२ पासून तेच आपल्याला महिना १० डॉलरला विकायला सुरुवात. लायसन्समध्ये लिहिलेलं असतं की नाव द्या, दिलं का कोणाचं नाव? कोर्टात केस गेली ती उगाच नाही. उलट सर्चचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या इलास्टिकने २०२१ मध्ये, डेटाबेसवाल्या रेडिसने मार्च २०२४ मध्ये लायसन्स बदलून क्लाउडवाल्यांना अडवायचा प्रयत्न केला तर काय झालं? ॲमेझॉनने इलास्टिकचाच आधीचा खुला कोड घेऊन ओपनसर्च काढलं, रेडिसच्या वेळी वाल्की निघालं ज्याच्या मागे ॲमेझॉन, गूगल, ओरॅकल. एवढ्या मोठ्या प्रोजेक्टांचं हे होतंय, तिथे तुमच्या थर्ड इयरच्या पोराला कोण विचारतो.

कर्नल_काकू
फोर्क करायचा, म्हणजे कोडची प्रत घेऊन वेगळा प्रोजेक्ट काढायचा, हक्क आहे म्हणूनच तर ते ओपन सोर्स आहे ना. इलास्टिक आणि रेडिस ह्या काही धर्मादाय संस्था नव्हेत, त्याही कंपन्याच. आणि दोघांनी नंतर पुन्हा खुलं लायसन्स आणलंय.

रिकामा_रिव्ह्यूअर
तुम्ही दोघं कंपन्यांवर भांडा, मी एक बारकी लायब्ररी सांभाळतो, माझं ऐका. कंपन्या मला काही देत नाहीत आणि त्रासही फारसा देत नाहीत. त्रास देतात ते ‘ओपन सोर्स करायचंय’वाले! डिजिटलओशन कंपनीच्या २०२० च्या हॅक्टोबरफेस्ट उपक्रमाला चार पीआर टाका नि टी-शर्ट मिळवा अशी स्कीम होती, तर लोकांनी रीडमीमध्ये (प्रोजेक्टची ओळख देणारी फाइल) ‘ॲन अमेझिंग प्रोजेक्ट’ घुसडून हजारो पीआर पाठवले, शेवटी डिजिटलओशनला नियम बदलावा लागला की प्रोजेक्टने स्वतःहून हो म्हटलं तरच त्यात धरणार. तरी थांबलं नाही. २०२४ च्या सुरुवातीला एक्सप्रेस जेएस या जावास्क्रिप्ट फ्रेमवर्कच्या रीडमीत स्वतःचं नाव टाकणाऱ्या पीआरांचा ढीग पडला. कारण काय तर आपल्याकडच्याच एका यूट्यूब चॅनलने गिट (कोडमधले बदल नोंदवायचं साधन) शिकवताना उदाहरण म्हणून ती रेपो, म्हणजे तो प्रोजेक्टचा कोडसाठा, वापरली होती. परदेशातल्या मेंटेनरने भारतीय नाव दिसलं की पीआर न वाचताच बंद करावा ही वेळ आपणच आणतोय. आता तर एआयकडून लिहून घेतलेले सुरक्षा-दोषांचे रिपोर्ट येतात, त्यात फंक्शनचं नाव असतं आणि ते फंक्शन कोडमध्ये नसतंच. तरी ते खोटं आहे हे शोधायला माझा रविवार जातो.

सेमीकोलनला भेटलेली बाई मिळणं नशिबाची गोष्ट आहे. तिचे ते दोन आठवडे तिच्या घरच्यांच्या वेळेतून गेले, ते कुणी धरत नाही हिशोबात.

आणि फायली दाबून लहान करणारं एक्सझी हे टूल विसरू नका. एकटा दमलेला मेंटेनर, त्याच्या मागे ‘काम लवकर का होत नाही’ असा धोशा लावणारी माणसं, आणि मदतीला धावून आलेला एक फार गोड स्वभावाचा कॉन्ट्रिब्यूटर, ज्याने विश्वास कमावून शेवटी बॅकडोअर, म्हणजे चोरदार, बसवलं. मार्च २०२४ मध्ये ते सापडलं कसं, तर अँड्रेस फ्रॉइंडला दूरच्या मशीनमध्ये शिरायच्या एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं वाटलं म्हणून. तो मायक्रोसॉफ्टचा पगारी माणूस, हे काकूंच्या बाजूने धरा हवं तर.

सेमीकोलन_विसरला
हे मान्य, पण मग यूट्यूबवाल्यांना शिव्या घाला, पोरांना ‘येऊच नका’ का म्हणताय? आणि वेळेचं म्हणाल तर मी आता त्याच प्रोजेक्टमध्ये नवीन आलेल्यांचे पीआर बघतो.

टंकलेखनिक
विषय थोडा बाजूला नेतो. कुऱ्हाड, तऱ्हा, दऱ्या यातला हा अर्धा ऱ तुम्हाला स्क्रीनवर नीट दिसतोय ना? तो आपोआप दिसत नाही. फाँटमध्ये वेगळा नियम लागतो आणि तो नियम नीट लावणारं हार्फबझसारखं इंजिन लागतं. हार्फबझ क्रोम, फायरफॉक्स, अँड्रॉइड सगळीकडे आहे. लोहित फाँट रेड हॅटचे, त्यावर पुण्यात बसून काम झालंय. मुंबईच्या एक टाइपचे मुक्त आणि बालू फुकट, कुणीही घ्या. म्हणजे पगारी आणि बिनपगारी दोन्ही हात लागलेत. पण नेमका मराठीतला ऱ तुटतोय अशी तक्रार कॅलिफोर्नियातला इंजिनिअर स्वतःहून नोंदवणार नाही, ती ज्याला खुपते त्यानेच नोंदवायची. मी इंजिनिअर नाही, स्क्रीनशॉट काढून बग टाकायला शिकलो एवढंच, आणि त्यातले काही दुरुस्त झाले. डीबगर, याला राबणं म्हणायचं का?

डीबगर_पुणेकर
नाही, तुमचं तुम्ही तुमच्यासाठी केलंत. माझा राग ‘नोकरी लागेल’ म्हणून राबवून घेण्यावर आहे. गूगल समर ऑफ कोड २००५ पासून चालू आहे, तिथे ओपन सोर्सचंच काम करून निदान स्टायपेंड तरी मिळतो, ते करा की.

व्हेंडर_कोड
पैशाचं निघालंच आहे तर ऐका. आमच्या टीमने मॅनेजरला सांगितलं की ही एक लायब्ररी रोज प्रॉडक्शनमध्ये वापरतो, बनवणारा माणूस एकटाय, वर्षाला थोडेफार पाठवूया. मॅनेजर हो म्हणाला. मग प्रोक्युरमेंटचा मेल आला: व्हेंडर कोड आहे का, तीन कोटेशन कुठे आहेत, जीएसटी इनव्हॉइस देणार का. तीन कोटेशन! फुकटच्या लायब्ररीची! तिकीट अजून ‘पेंडिंग विथ फायनान्स’ आहे.

रिकामा_रिव्ह्यूअर
😂😂 आणि देणाऱ्याला द्यायचं असेल तर मार्ग निघतो. झेरोधाने ऑक्टोबर २०२४ मध्ये ओपन सोर्स प्रोजेक्टांसाठी वर्षाला दहा लाख डॉलरचा फंड जाहीर केला, भारतातलीच कंपनी. @व्हेंडर_कोड देणगी म्हणू नका, ‘ॲन्युअल सपोर्ट’ असं लिहून पुन्हा टाका तिकीट.

व्हेंडर_कोड
टाकलं. आता विचारतायत, सपोर्टचा एसएलए (उत्तर द्यायची ठरलेली मुदत) किती तासांचा?