नॅकची फाइल मॅडमकडे, प्राचार्यपद सरांकडे?

खडूफळा: आमच्या कॉलेजात नॅकच्या, म्हणजे कॉलेजांचा दर्जा तपासून श्रेणी देणाऱ्या संस्थेच्या, सातही निकषांच्या फायली एका मॅडमनी रात्री जागून भरल्या. समिती आली तेव्हा पहिल्या रांगेत सगळे सर! महिन्याभरात प्राचार्य निवृत्त झाले आणि 'प्रभारी'ची माळ सेवाज्येष्ठतेत मॅडमच्या खाली असलेल्या सरांच्या गळ्यात पडली. संस्थाचालकांचं म्हणणं, "मॅडमना उशिरापर्यंत थांबणं जमायचं नाही." त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. केंद्राच्या 2021-22 च्या सर्वेक्षणात उच्च शिक्षणातले 43.4 टक्के शिक्षक स्त्रिया आहेत. मग वरच्या खुर्चीपर्यंत जाताना त्या गळतात कुठे?

ज्येष्ठता_यादी: बाई नको, असं कुठल्या नियमात लिहिलंय? मुंबई विद्यापीठात 1995 ला डॉ. स्नेहलता देशमुख कुलगुरू झाल्या. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठात 2021 मध्ये माधुरी कानिटकर आल्या, त्याही लेफ्टनंट जनरल होऊन. कुवत असली की कुणी अडवत नाही.

खडूफळा: बडोद्याला हंसा मेहता 1949 मध्येच कुलगुरू होत्या. तरी दिल्लीच्या जेएनयूला पहिली महिला कुलगुरू मिळायला 2022 उजाडलं, अलीगढ मुस्लिम विद्यापीठाला 2024. एवढी वर्षं कुवतीचा दुष्काळ होता म्हणायचं का?

दुपारचं_सत्र: नियमात नाही, हिशेबात आहे. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, 2018 च्या नियमावलीप्रमाणे कुलगुरूपदाला प्राध्यापकपदाचा 10 वर्षांचा अनुभव लागतो. पीएच.डी. घेऊन रुजू झालात तरी 'कॅस'मधून, म्हणजे नोकरीतल्या टप्प्याटप्प्याच्या बढतीतून, प्राध्यापक व्हायला किमान 15 वर्षं. तिशीत लागलेली बाई सगळं वेळेत झालं तर पंचावन्नाव्या वर्षी पात्र. यात बाळंतपणं, सासूबाईंचं आजारपण कुठे बसवायचं ते सांगा.

ज्येष्ठता_यादी: प्रसूती रजा सेवेत धरतात, मॅडम.

दुपारचं_सत्र: रजा धरतात हो, राहून गेलेले संशोधनाचे पेपर कोण धरतं? मुलगी लहान होती तेव्हा बढतीसाठी लागणारा रिफ्रेशर कोर्स मी दोनदा सोडला, कारण तो दुसऱ्या जिल्ह्यात होता. माझी बढती तिथेच लांबली. त्याच काळात आमचे हे तीन कोर्स करून आले. डबा मीच भरून दिला होता!

तासिकावाला: तुमचं कुलगुरूपद राहू द्या. मी बारा वर्षं तासिका तत्त्वावर, म्हणजे तासागणिक पैशांवर, शिकवतोय. भरतीच नाही, तिथे बाई काय नि पुरुष काय.

दुपारचं_सत्र: खरंय. पण तुमच्या स्टाफरूममधल्या तासिकावाल्या बाईंना मुलाखतीत "लग्नानंतर इथेच राहणार का?" विचारलं असेल. तुम्हाला विचारलं?

तासिकावाला: ...नाही.

ज्येष्ठता_यादी: ठीक. पण त्या नॅकवाल्या मॅडमनी विद्यापीठाकडे तक्रार केली का? ज्येष्ठता डावलली असेल तर दाद मागता येते.

खडूफळा: नाही केली. पुढच्या नॅकचं समन्वयकपद परत त्यांनाच दिलंय.