हार्वेस्टर ट्रेलरवर चढवून शिरपूरला पाठवायचाय, आधी काय काय करून घ्यावं?

निफाडचा_गहू:
नमस्कार मंडळी, आमच्या निफाड भागातला गहू उरकत आलाय, पुढचं काम शिरपूरकडं मिळालंय. हार्वेस्टर सेकंडहँड घेतलेला, आजवर आजूबाजूच्या गावांतच चालवला, एवढ्या लांब पहिल्यांदाच चाललाय. ट्रेलरवाला म्हणतो कटर, म्हणजे पुढचा पीक कापायचा भाग, काढायची गरज नाही, रात्री निघू, रस्ता मोकळा असतो. कटर 14 फुटी आहे. मला काय हे पटत नाही पण भाऊ म्हणतो काढायला-लावायला उगाच वेळ जातो. आणि सर्व्हिसिंग इथंच करू का तिकडं पोचल्यावर? ज्यांनी मशीन नेलंय त्यांनी सांगा प्लीज.

चांदवडकर_ट्रेलर:
दादा कटर काढाच, यात विचार करायचं कामच नाही. 14 फूट म्हणजे सव्वाचार मीटरच्या वर गेलं, साध्या गाडीला रस्त्यावर रुंदी 2.6 मीटर चालते, म्हणजे दोन्हीकडनं कटर बाहेर येणार आणि रात्री समोरच्या मोटरसायकलवाल्याला त्याचं टोक दिसत पण नाही हो. कटर त्याच्या ट्रॉलीवर वेगळं न्या, पात्यांवर जुना पाइप चिरून किंवा गोणपाट घट्ट बांधा, मागं लाल कापड, रिफ्लेक्टर. धान्य खाली करायचा पाइप आत दुमडून लॉक करा, नुसता दोरीनं बांधू नका. साखळ्या चारी कोपऱ्यांना, ॲक्सल नाहीतर चासीला अडकवायच्या, हायड्रॉलिकच्या सिलिंडरला किंवा स्टिअरिंगच्या रॉडला अजिबात नाही. टायरवर मशीन हलतं ना, त्यामुळं साखळी थोडं अंतर गेलं की ढिली पडतेच, पिंपळगावला थांबून एकदा ताणा आणि राहुड घाटाच्या आधी परत. घाटात गाडी न्यूट्रल करणारा ड्रायव्हर असेल तर त्याला मशीन देऊच नका.

ओझर_मेकॅनिक:
सर्व्हिसिंग इथंच करा, तिकडं पोचल्यावर गिऱ्हाईक शेतात उभं असतं, कोण थांबतं? पण सगळ्यात आधी सफाई, ती पण कोरडी. लोक डायरेक्ट पाण्याचा प्रेशर मारतात आणि भुसा आत चिखलासारखा बसतो, वर बेअरिंगमधी पाणी जातं ते वेगळंच. मशीन दोन-चार मिनिटं रिकामं फिरवा, इंजिन बंद करून चावी खिशात घ्या, मगच दाणे वर नेणाऱ्या एलिव्हेटरच्या खालची झाकणं आणि दगड अडकायची पेटी उघडा. मग ब्लोअरनं वरनं खाली या. सायलेन्सरजवळ आणि इंजिनच्या मागच्या खाचेत हात घालून बघा, तिथं भुश्याचा थर असा दाबून बसलेला असतो की ब्लोअरनं निघत नाही, खरवडूनच काढावा लागतो, आणि मशीन पेटतं ते तिथनंच. ग्रीस सगळ्यात शेवटी, जुनं काळं ग्रीस बाहेर येईपर्यंत मारा. ट्रेलरवर चढवल्यावर बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवा.

सिन्नर_ताई:
सफाईचं अजून एक. टाकीच्या तळाला आणि पाइपात दाणे राहतात, त्यात गाजरगवताचं बी पण असतं, ते दुसऱ्याच्या रानात जाऊन पडतं. आमच्या एका पट्ट्यात बाहेरचं मशीन येऊन गेल्यावर पुढच्या वर्षी एवढं तण झालं, खुरपणीलाच पैसा गेला. शिरपूरच्या शेतकऱ्याचा पण विचार करा भाऊ, टाकी झाडूनच पाठवा. दाणे राहिले तर उंदीर येऊन वायरिंग कुरतडतात ते आणखी.

निफाडचा_गहू:
ताई, दादा खूप आभार, भावाला वाचून दाखवलं, कटर उद्याच काढतोय. अजून एक, आमच्या शेतापासनं ट्रेलर उभा राहील तिथपर्यंत मशीन रस्त्यानं चालवत न्यायचंय, मधी रेल्वे फाटक आहे.

चांदवडकर_ट्रेलर:
मग डावा-उजवा ब्रेक पेडल जोडून घ्या, शेतात वेगळे ठेवलेले असतात, रस्त्यावर एकच दाबला गेला तर मशीन गर्रकन फिरतं. कटर लावलेलं असताना जोरात ब्रेक मारला की मागची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग मागच्याच चाकांना आहे, म्हणून शेतातच काढून निघा. फाटकावर वरच्या तारेत 25,000 व्होल्ट असतात, नुसतं जवळ गेलं तरी ओढते. टपावर माणूस बसवायचा नाही, आणि फाटकाच्या अलीकडच्या लोखंडी कमानीखालनं मशीन जाईल का ते आधी टेपनं मोजून घ्या.