मदत हवी आहे: व्हॅलेटात एक दिवस, आरामात काय करावं?

पुणेरी_भटक्या: क्रूझवर आहोत, परवा माल्टाची राजधानी व्हॅलेटा. सकाळी लागणार, संध्याकाळी सुटणार. जहाजाच्या सहली नकोत, बसमध्ये कोंबून पाच ठिकाणं पळवतात. आरामात काय करता येईल? लवकर सांगा, इथलं वायफाय जीवघेणं महाग आहे.

सुमेधाताई: परवा वार कुठला? कोण कोण आहात? खाण्याचं काय?

खलाशी_काका: व्हिसा मल्टिपल एन्ट्री आहे ना? माल्टा शेंगेनमध्येच आहे, म्हणजे युरोपातल्या एकाच व्हिसावर चालणाऱ्या देशांत.

पुणेरी_भटक्या: बार्सिलोनाहून निघालोय, व्हिसा असणारच ना! रविवार. आम्ही दोघं आणि आईबाबा. शाकाहारी.

नकाशेवाला: डोळे मिटून एम्दिनाला जा. ट्रायटन कारंज्यापाशी बस मिळते, अर्ध्या तासात तटबंदीतलं गाव. गाड्यांची वर्दळ नाही, गर्दी नाही.

सुमेधाताई: ते ‘आरामात’ म्हणतायत आणि तुम्ही बसमध्ये घालताय! सेंट जॉन्स को-कॅथेड्रल हे चर्च बघा. इटालियन चित्रकार काराव्हाजिओचं 1608 चं भलंमोठं चित्र आहे, संत योहानाचा शिरच्छेद. मानेतून वाहणाऱ्या रक्तातच त्याने सही केलीय. त्याची सही असलेलं हे एकच चित्र.

नकाशेवाला: रविवारी पर्यटकांना बंद असतं ते. आता बोला.

पुणेरी_भटक्या: आईला चढ जमत नाही, गुडघे.

खलाशी_काका: हे आधी सांगायचं की राव! धक्क्यावरून डावीकडे-उजवीकडे कुठे न जाता लिफ्ट विचारा. 58 मीटरची आहे, थेट अप्पर बराक्का बागेत सोडते. बाकावर बसा, समोर अख्खं ग्रँड हार्बर बंदर आणि पलीकडे बिर्गू गाव. बाराला खालच्या सज्ज्यावर तोफ उडते, बाबांना आवडेल. मग रिपब्लिक स्ट्रीटवर कॉफी. आडव्या गल्ल्यांत शिरू नका, नुसत्या पायऱ्या. होडीही टाळा, चढता-उतरताना हलते.

इतिहासप्रेमी: व्हॅलेटाची तटबंदी म्हणजे माल्टाला पडलेल्या 1565 च्या तुर्की वेढ्याचा धडा. वेढा उठला आणि पुढच्याच वर्षी व्हॅलेटाची पायाभरणी. गंमत बघा, तालिकोटची लढाईही 1565 चीच. यावर वेगळा लेख टाकतो.

नकाशेवाला: टाका, पण इथे नको.

सुमेधाताई: खायला पास्तित्सी, म्हणजे तिथली पापुद्र्यांची पॅटिस. आत रिकोटा चीज किंवा वाटाणे. गरम घ्या, पापुद्रे अंगभर सांडतात.

खलाशी_काका: शाकाहारी म्हणालेत ना? पारंपरिक पिठात डुकराची चरबी असायची. विचारल्याशिवाय घेऊ नका.

सुमेधाताई: मी तर चार खाल्ल्या!

पुणेरी_भटक्या: लिफ्ट, बाग, तोफ, कॉफी. ठरलं. काका, धन्यवाद. व्हीलचेअर लिफ्टमध्ये जाते का?

खलाशी_काका: व्हीलचेअर?? हेही आत्ता सांगताय! जाते, मोठी लिफ्ट आहे.

नवी_मुंबईकर: क्रूझवर उलट्या होऊ नयेत म्हणून कुठली गोळी चांगली? आमची डिसेंबरात आहे.

नकाशेवाला: नवा धागा काढा हो.