एव्हियाँ हा शेवट नव्हता

फ्रेंच गोल्फपटू सेलीन बूतिएला २०२३ ची फ्रान्समधली एव्हियाँ गोल्फ स्पर्धा ‘घरच्या मैदानामुळे’ मिळाली, हे काहींचं मत मला अजिबात पटत नाही. घरचं मैदान होतं म्हणून तर दडपण जास्त! त्याआधी तिथे एकही फ्रेंच खेळाडू जिंकली नव्हती, आणि ही जिंकली ती दुसऱ्या क्रमांकापेक्षा तब्बल सहा फटके कमी घेऊन. पुढच्याच आठवड्यात स्कॉटिश ओपनही तिनेच मारली. तिथे कुठलं आलं घर?

मला मात्र त्याच वर्षीची क्वालालंपूरची लढत जास्त भावते. अथया थितिकूलबरोबर बरोबरी झाली आणि प्लेऑफ, म्हणजे बरोबरी सोडवण्यासाठीचा जादा खेळ, नऊ होलपर्यंत (चेंडू टाकायच्या नऊ खड्ड्यांपर्यंत) लांबला. बूतिएचे आईवडील मूळचे थायलंडचे, समोरची मुलगीही थाई. इतका वेळ पटिंग करताना, म्हणजे खड्ड्याजवळून चेंडू हलकेच आत ढकलताना, मन शांत ठेवणं, ही तिची खरी ताकद.