मदत हवी आहे : दुरुस्तीला दिलेल्या आणि वर्षानुवर्षे न नेलेल्या पाणी-पंपाच्या मोटारींचे काय करावे?

नमस्कार. वरूड-मोर्शी भागातील एका गावात माझे मोटार वायंडिंगचे, म्हणजे पंपाच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून देण्याचे, दुकान आहे. दुकान मूळचे बाबांचे. ते दोन वर्षांपूर्वी वारले आणि तेव्हापासून मी ते पाहतो. माझ्या हातून एक चूक झाली आहे. ती कशी भरून काढावी आणि दुकानात पडून असलेल्या बाकीच्या मालाचे काय करावे, या दोन गोष्टींसाठी हा धागा काढत आहे. हकीकत जरा सविस्तर लिहितो, कारण त्यातला कोणता तपशील कायद्याच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे हे जाणकारांनाच कळेल.

आधी हा माल साचतो कसा ते सांगतो. आमचा भाग संत्र्याचा. आंबिया बहाराची फळे झाडावर असताना, म्हणजे मार्च ते मे या दिवसांत, पाणी तुटले की फळगळ सुरू होते, आणि नेमक्या याच दिवसांत व्होल्टेज पडून किंवा एखादी फेज जाऊन मोटारी जळतात. जळालेली मोटार घेऊन आलेल्या माणसाला दोन दिवस थांबणेही परवडत नाही. तो मोटार आमच्याकडे टाकतो, चार-पाचशे रुपये आगाऊ देतो आणि कुठून तरी दुसरी मोटार आणून बोअरमध्ये सोडतो. त्या मोटारीवर हंगाम निघाला की पहिली न्यायची राहून जाते. पुढे बोअर आटला, बाग तोडावी लागली, की त्या मोटारीचे कामच उरत नाही. अलीकडे सौर पंपांमुळे यात भर पडली आहे. २०२४ मध्ये आलेल्या ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याला किमतीच्या १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याला ५ टक्के रक्कम भरून पंप मिळतो, मग दोन-अडीच हजारांची बाकी देऊन जुनी मोटार सोडवायला कोण येणार? यात शेतकऱ्याला मी दोष देत नाही. ज्याची बाग डोळ्यांदेखत वाळली, त्याला दुकानातली मोटार आठवत नाही हे मी समजू शकतो.

बाबांची पद्धत अशी होती की पुठ्ठ्याचा एक तुकडा मधोमध फाडायचा, दोन्ही भागांवर एकच क्रमांक घालायचा, अर्धा तुकडा तांब्याच्या तारेने मोटारीला बांधायचा आणि अर्धा गिऱ्हाइकाला द्यायचा. वहीतही नोंद असे, पण ती फार त्रोटक : गाव, आडनाव, किती एच.पी., काय काम, किती बाकी. त्यांना माणसे तोंडपाठ होती, त्यामुळे त्यांचे काम तेवढ्यावर भागत असे. माझे भागत नाही.

मागच्या दिवाळीला दुकान झाडायला काढले तेव्हा अशा ३१ मोटारी निघाल्या. चारांच्या तारेला लटकलेला पुठ्ठा उंदरांनी कुरतडलेला होता, काही वाचता येत नव्हते. ‘इतक्या वर्षांत कोणी विचारायला आले नाही, आता कोण येते?’ असे मनाशी म्हणून मी त्या चारही भंगारवाल्याला दिल्या. तांब्याच्या भावाने ९,४०० रुपये आले. वहीतल्या जुन्या नोंदींशी त्या ताडून पाहण्याचे कष्ट मी घेतले नाहीत. खरी चूक ती आहे, आणि ती मी मान्य करतो.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात एक बाई दुकानात आल्या. त्यांनी बँकेच्या पासबुकाचे प्लॅस्टिकचे कव्हर उघडले, आतून घडी पडलेला अर्धा पुठ्ठा काढला आणि काउंटरवर ठेवला. “भाऊ, हे चिठ्ठी तुमच्या बाबानं देल्ली व्हती. मोटर न्यायले आली मी.” पुठ्ठ्यावर बाबांचे अक्षर होते : ५ एच.पी., वायंडिंग, बुश बदल, जमा ५००, बाकी २,१००, मे २०१९. त्यांचे यजमान त्याच वर्षी गेले. बाग तोडली, शेत चार वर्षे मक्त्याने दिले. यंदा नाला खोलीकरणानंतर विहिरीला पाणी आले, मुलाने शेत घरी ठेवून हरभरा पेरला आणि पासबुकाच्या कामासाठी कव्हर उघडल्यावर ही चिठ्ठी सापडली. वहीतला क्रमांक, गाव आणि महिना जुळवून पाहिल्यावर मोटार त्या चारांपैकीच एक होती याबद्दल मला शंका उरली नाही. मी त्यांना तेव्हाच खरे सांगितले. त्या रागावल्या नाहीत. “बरं, मंग आता कसं करता?” एवढेच विचारून त्या बाकावर बसून राहिल्या, आणि माझ्याकडे उत्तर नव्हते. दोन दिवसांनी या, असे सांगून मी वेळ मागून घेतला आहे.

माझे प्रश्न असे आहेत. पाच वर्षांहून अधिक काळ माल न नेल्यास त्यावरचा गिऱ्हाइकाचा हक्क संपतो का? मी त्यांना भंगाराचे पैसे देणे लागतो, की चालू मोटारीची किंमत? उरलेल्या २७ मोटारींपैकी १९ जणांची नावे वहीतून लागतात, त्यांतले पाच जण हयात नाहीत. एका मोटारीच्या बाबतीत तर ती आणणारा मक्त्याने शेत करणारा होता आणि शेतमालक म्हणतो की मोटार माझी आहे. आठ मोटारींचा मालकच लागत नाही. शेजारचा टेलर आणि पिठाच्या गिरणीवाले दोघेही म्हणतात की भिंतीवर ‘एक महिन्यानंतर आम्ही जबाबदार नाही’ अशी पाटी लावून टाक. तेवढ्याने खरोखर भागते का? माझा पाटीवर विश्वास बसत नाही, पण मला कायदा माहीत नाही.

प्रतिसाद (अमरावती येथे वकिली करणारी सदस्य) :

आपण बाईंना तत्काळ खरे सांगितलेत, हे आपल्या बाजूने फार महत्त्वाचे आहे. विश्वासाने सोपवलेला माल अप्रामाणिकपणे विकणे हा भारतीय न्याय संहितेप्रमाणे अपराध आहे, पण त्यात अप्रामाणिक हेतू सिद्ध व्हावा लागतो. आपला हेतू तसा नव्हता हे आपल्या वागण्यातून दिसते. दिवाणी जबाबदारी मात्र टळत नाही.

दुरुस्तीसाठी माल देणे याला १८७२ च्या करार कायद्यात निक्षेप म्हणतात आणि त्याची तरतूद कलम १४८ पासून सुरू होते. कलम १५१ प्रमाणे, सामान्य समजदार माणूस स्वतःच्या तशाच वस्तूची जितकी काळजी घेईल तितकी काळजी आपण सोपवलेल्या मालाची घेतली पाहिजे. तेवढी घेऊनही नुकसान झाले, उदाहरणार्थ पूर आला, तर कलम १५२ आपल्याला वाचवते. आपण स्वतः माल विकला असल्यामुळे ते कलम येथे लागू होणार नाही.

मजुरी मिळेपर्यंत माल अडवून ठेवण्याचा हक्क दुरुस्ती करणाऱ्याला कलम १७० ने दिला आहे, आणि नेमका येथेच पुष्कळांचा गैरसमज होतो. अडवून ठेवण्याचा हक्क म्हणजे विकण्याचा हक्क नव्हे. गहाण घेणाऱ्याला वाजवी नोटीस देऊन विकता येते, ते कलम १७६ मुळे. दुरुस्ती करणारा गहाणदार नसतो. इंग्लंडमध्ये १९७७ च्या एका कायद्याने, न नेलेला माल नोटीस देऊन विकण्याची सोय केली आहे. आपल्या करार कायद्यात तसे कलम नाही.

मुदतीविषयी : सोपवलेली वस्तू परत मिळवण्याच्या दाव्याची मुदत १९६३ च्या मुदत कायद्याप्रमाणे तीन वर्षे आहे, पण ती माल दिल्याच्या दिवसापासून मोजत नाहीत. मागणी केली आणि आपण नकार दिला, त्या दिवसापासून ती सुरू होते. म्हणजे बाईंची मुदत आत्ता कुठे सुरू होऊ शकते. याउलट आपली मजुरी वसूल करण्याची मुदत काम पूर्ण झाल्यापासून तीन वर्षांनी संपलेली आहे. दावा करता येत नसला तरी माल हाती असेपर्यंत तो अडवण्याचा हक्क राहतो, पण आता मालच हाती नाही. नुकसानभरपाई भंगाराच्या भावाने होणार नाही. दुरुस्त झालेल्या जुन्या पाच एच.पी. मोटारीला बाजारात जे मिळाले असते ते द्यावे, आणि त्यातून बाकी २,१०० वजा करण्याविषयी दोघांनी बोलून ठरवावे.

मक्तेदाराचा प्रश्न तुलनेने सोपा आहे. ज्याने माल आणून दिला त्यालाच आपण सद्भावनेने परत केला, तर खरा मालक दुसरा निघाला तरी कलम १६६ प्रमाणे आपण मालकाला जबाबदार राहत नाही. मात्र शेतमालकाने न्यायालयात जाऊन, माल कोणाचा हे ठरवून घेण्याची मागणी केली, तर निकालापर्यंत थांबावे. मयत गिऱ्हाइकांच्या बाबतीत पत्नी, मुलगे, मुली आणि आई या सगळ्यांच्या सह्यांची पावती घेऊन मोटार द्यावी.

पाटी लावा, पण तिच्यावर विसंबू नका. दिल्लीतील एका मोठ्या हॉटेलच्या ताब्यातून पाहुण्याची गाडी चोरीला गेली, त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केले की ‘मालकाच्या जोखमीवर’ असे चिठ्ठीवर छापले म्हणून स्वतःच्या हलगर्जीपणाची जबाबदारी झटकता येत नाही. माल देतानाच गिऱ्हाइकाने वाचून सही केलेली अट वेगळी आणि भिंतीवरची पाटी वेगळी. यापुढे पावतीवर न्यायची तारीख, त्यानंतरचे साठवणुकीचे भाडे आणि नोटीस दिल्यावर विक्रीची संमती, असे तिन्ही मराठीत लिहून सही घ्या.

प्रतिसाद (काटोल भागातील एक व्यावसायिक सदस्य) :

माझेही वायंडिंगचेच काम आहे. मी मोटार आली की नामपट्टीचा आणि माणसाचा एकत्र फोटो काढतो आणि त्याच्याच व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो. पुठ्ठ्याऐवजी पत्र्याचा बिल्ला वापरतो, ठोकून क्रमांक उमटवलेला. त्याला उंदीर लागत नाही आणि वार्निशही चढत नाही. बाईंना पैसे देण्यापेक्षा मोटार द्यावी असे मला वाटते. हरभरा फुलावर येण्याच्या आत पाणी मिळाले तर त्याचा उपयोग आहे, नंतर पैसे मिळून काय करायचे?

धागाकर्ता :

दोघांचाही मनापासून आभारी आहे. काटोलच्या दादांचे म्हणणे मला पटले. दुकानात माझी स्वतःची, नवे वायंडिंग भरलेली पाच एच.पी. मोटार होती. ती काल त्यांच्या विहिरीवर नेऊन बसवून दिली आणि पाणी पाटाला लागेपर्यंत थांबलो. जुन्या मोटारीबद्दल ही मोटार दिली, अशी दोन प्रतींत चिठ्ठी करून बाई, त्यांचा मुलगा आणि लग्न झालेली मुलगी, तिघांच्या सह्या घेतल्या. त्यांच्या सासूबाई हयात नाहीत. बाकी घ्यायची नाही असे मी ठरवून गेलो होतो, पण बाईंनी ऐकले नाही. “काम तं केलंच होतं नं तुमच्या बाबानं,” असे म्हणून त्यांनी ६०० रुपये हातावर ठेवले आणि उरलेले हरभरा निघाल्यावर देते म्हणाल्या. ते मागायला मी जाणार नाही.

नावे लागणाऱ्या १९ जणांना किंवा त्यांच्या वारसांना मी पोच मिळणाऱ्या टपालाने पत्र पाठवत आहे. ज्यांचे गाव जवळ आहे तेथे स्वतः जाईन. राहिल्या आठ मोटारी. त्यांचे फोटो काढून, पोलीस पाटलांसमोर वर्णनाची यादी करून, पुढील सूचना आसपासच्या सहा ग्रामपंचायतींच्या फलकांवर लावणार आहे आणि बाजाराच्या दिवशी दवंडीही देणार आहे. मसुद्यात काही चुकत असल्यास, विशेषतः ताईंनी, कृपया सांगावे.

“आमच्या दुकानात २०१४ ते २०२२ या काळात दुरुस्तीसाठी आलेल्या आठ पाणबुडी व मोनोब्लॉक मोटारी मालकाचे नाव न लागल्यामुळे पडून आहेत. ज्यांनी आपली मोटार दिली असेल त्यांनी अर्धी चिठ्ठी, खरेदीची पावती किंवा मोटारीची खूण सांगून ती घेऊन जावी. चिठ्ठी हरवली असल्यास गावातील दोन ओळखीची माणसे सोबत आणावीत. मजुरीची बाकी एकदम देणे शक्य नसल्यास मोटार अडवली जाणार नाही. साठवणुकीचे भाडे घेतले जाणार नाही. या सूचनेनंतर एक वर्षापर्यंत कोणतीही मोटार विकली किंवा मोडली जाणार नाही.”

एक वर्षानंतर काय, हे मुद्दाम लिहिलेले नाही, कारण विकण्याचा हक्क मला नाही हे आता कळले आहे. त्यानंतरही त्या पडून राहिल्या आणि गंजून निकामी होऊ लागल्या, तर पोलीस पाटलांसमोर विकून ते पैसे मालकाच्या नावे वेगळ्या खात्यात ठेवणे योग्य होईल का, की त्यासाठीही न्यायालयाची परवानगी घ्यावी लागेल?