मॉरिस मायनर १००० : इग्निशनची किल्ली हरवली, ड्रिल न मारता नवी कशी करावी?

मायनर६०
गाडी १९६० ची मॉरिस मायनर १०००. डॅशबोर्डवरच्या ल्यूकास स्विचची किल्ली हरवली आहे, डुप्लिकेट नाही. दाराची किल्ली या लॉकमध्ये पूर्ण शिरते, पण फिरत नाही. चावीवाल्याचं म्हणणं, ड्रिल मारून बॅरल (किल्लीसोबत फिरणारा लॉकचा आतला गोल भाग) काढू आणि दुसरा स्विच बसवू. मला मूळचा स्विच ठेवायचा आहे. त्याच्या तोंडावर काहीतरी पुसट कोरलेलं दिसतं. सुरुवात कुठून करावी?

कानस
ड्रिल अजिबात नको. स्विचचं घर मझाकचं (जस्ताच्या मिश्रधातूचं) ओतीव असतं. बिट जरा सरकलं की तोंड तडकतं, आणि मझाकला वेल्डिंग नीट धरत नाही.

ते पुसट कोरलेलं हाच तुमचा लॉक नंबर. पॉलिश पेपर मारू नका, उरलंसुरलं तेही जाईल. पेट्रोलच्या बोळ्याने पुसा, वर टाल्कम पावडर चोळा आणि बाजूने टॉर्च मारून वाचा. बहुधा एफएस किंवा एफए ही अक्षरं आणि पुढे तीन आकडे सापडतील. एफएसची मालिका ८७६ ते ९५५, एफएची ५०१ ते ६२५. अक्षरांवरून कोऱ्या (दात न कापलेल्या) किल्लीची खाच ठरते, आकड्यांवरून दात. दाराची किल्ली आत शिरते म्हणजे खाच जुळते, तेव्हा कोरी किल्ली त्याच जातीची घ्या. नंबर पूर्ण वाचता आला तर इंग्लंडमधले जुन्या गाड्यांच्या सामानाचे विक्रेते त्यावरून किल्ली कापून पाठवतात. तीच सर्वांत चांगली, कारण ती मूळ मापाची असते. झिजलेल्या किल्लीवरून काढलेल्या डुप्लिकेटमध्ये झीजही उतरते.

पितळी
नंबर लागला नाही तर बॅरल बाहेर काढून त्यातल्या पत्त्यांवरून (किल्लीच्या दातांनी वर-खाली सरकणाऱ्या पातळ पट्ट्या) किल्ली घासावी लागेल. काम किचकट आहे, पण खात्रीचं.

आधी बॅटरीची अर्थिंगची वायर सोडा. या गाडीत अर्थ पॉझिटिव्ह असतो, हे विसरून नेहमीच्या सवयीने निगेटिव्ह काढायला गेलात तर पाना बॉडीला लागून ठिणगी उडेल. मग स्विच मागून सोडवा आणि प्रत्येक वायरवर चिठ्ठी लावा. ब्राउन किंवा ब्राउन-निळी करंटची, पांढरी इग्निशनची.

बॅरलला एक स्प्रिंगची खुंटी अडवून धरते. घराच्या बाजूला बारीक भोक असतं, त्यातून तार घालून ती दाबायची. मात्र बॅरल ‘ऑन’वर फिरलेलं असल्याशिवाय खुंटी भोकासमोर येत नाही. म्हणून चावीवाल्याकडून ड्रिल न मारता तारेच्या हुकाने लॉक फिरवून घ्या. सोबत आरसी बुक न्या, चांगला चावीवाला ते मागतोच.

बॅरल ओढताना खाली फडकं धरा. एक स्प्रिंग जरी उडाली तरी शोधत बसावं लागतं. मग कोरी किल्ली घाला. पितळी पत्त्या एका बाजूने बाहेर आलेल्या दिसतील. जी जास्त बाहेर, तिच्यासमोरचा भाग बारीक कानशीने दोन-तीन हात घासा, किल्ली पुन्हा घालून बघा. पत्ती बॅरलच्या अंगाशी सपाट झाली की तिथे थांबा. जास्त घासलं तर ती विरुद्ध बाजूने डोकावते आणि कोरी किल्ली वाया जाते. निदान तीन कोऱ्या हाताशी ठेवा. दाताच्या कडा उतरत्या ठेवा. सरळ उभ्या ठेवल्या तर किल्ली आत जाते, पण बाहेर निघत नाही.

कोरी किल्ली पितळेची किंवा जर्मन सिल्व्हरची घ्या. पोलादी किल्ली जुन्या पत्त्या खाते.

मायनर६०
पावडर चोळल्यावर ‘एफए ५४’ वाचता आलं, शेवटचा आकडा झिजला आहे. बॅरल उघडणं टाळता येईल का?

कानस
येईल. एफए ५४० ते ५४९, दहाच शक्यता उरल्या. दहाही नंबरांच्या किल्ल्या एकदम मागवा, किंवा ज्याच्याकडे कोडचा तक्ता आहे त्याच्याकडून कापून घ्या. प्रत्येक हलकेच फिरवून बघा. बरोबरची किल्ली जोर न लावता फिरते. अडली तर पक्कड लावू नका, पत्ती वाकेल.

लॉकमध्ये त्याआधी तेल सोडू नका. धूळ त्यात चिकटून राळ होते आणि बरोबरची किल्लीही चुकीची वाटते. आधीच तेल गेलं असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनरने धुऊन वाळू द्या, मग ग्रॅफाइट पावडर फुंका. ६बी पेन्सिलीचं शिसं किसून घातलं तरी चालतं.

पितळी
लागलेली पहिली किल्ली रोज वापरू नका. तिच्यावरून दोन काढा, मूळ घरी ठेवा आणि पूर्ण नंबर आरसीच्या झेरॉक्सवर लिहा. किल्लीच्या जुडग्याला जड कडं अडकवू नका, त्या वजनाने बॅरल एका अंगाने झिजतं.